माहेरचं पुस्तक

‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकावर लेखिकेचं नाव आहे ताराबाई शिंदे. शिंदे हे त्यांच्या वडिलांचं आडनाव. पुस्तक छापलं गेलं १८८२ साली. तेव्हा ताराबाई बत्तीस वर्षांच्या होत्या आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच त्यांचं लग्न होऊन गेलं होतं. आजही लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलायची कागदपत्रं महिन्याभरात तयार होतात. बुलढाण्यासारख्या ठिकाणी, कुळवंत मराठ्याच्या घरातली लग्न झालेली बाई माहेरच्या नावानं उभी राहून पुरुषांना जाब विचारते, ही गोष्ट मला पुस्तकातल्या मजकुराइतकीच मोलाची वाटते. म्हणून या पुस्तकाचा माग काढायचा तर तो त्या आडनावापासूनच काढायला हवा.

ताराबाईंचा जन्म १८५० चा. त्या वेळी वऱ्हाड निजामाचं होतं. तीन वर्षांनी, १८५३ च्या तहानं, ते इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं, थंड हवेचं बुलढाणा साहेबांच्या पसंतीला उतरलं. तिथं कचेऱ्या आल्या. कचेरी आली की वतनाची जमीन किंवा देवळाचं उत्पन्न नसलेला, पगारावर चालणारा एक नवा संसार गावात येतो. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. इंग्रजी वाचणारा, सरकारी कागद लिहिणारा मराठा गृहस्थ तेव्हाच्या वऱ्हाडात विरळाच. बापूजींनी १८७१ साली एक पुस्तकही प्रसिद्ध केलं, ‘हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्ह्ज’. शिकलेल्या देशी लोकांना सूचना, असं त्याचं नाव. अकरा वर्षांनी त्याच शिकलेल्या लोकांना बापूजींच्या मुलीनं जे सुनावलं त्याला सूचना म्हणणं कठीण आहे. पण बाप-लेकीच्या दोन पुस्तकांचा रोख एकाच वर्गाकडे होता, हे विसरून चालणार नाही. इंग्रजी शिकून पुढं गेलेला, आणि घराच्या उंबऱ्याशी आला की मागं फिरणारा तो वर्ग.

पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये, म्हणजे ताराबाईंच्या जन्माआधी दोन वर्षं. बुलढाण्याच्या बाजूला मात्र त्यांच्या लहानपणी मुलींसाठी शाळा नव्हती. घरात चार मुलगे आणि ही एकच मुलगी. चार मुलगे असलेल्या बापाला मुलीच्या शिक्षणाची काही निकड नव्हती, तरी बापूजींनी तिला मराठी शिकवलं, संस्कृत शिकवलं, इंग्रजीही शिकवलं. शाळा घरातच भरली.

एकोणिसाव्या शतकातल्या शिकलेल्या मराठी बायकांची नावं घेत गेलं की बहुतेकींच्या मागं शिकवणारा घरातला कुणीतरी दिसतो. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी शिकवलं, रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी. पंडिता रमाबाईंच्या घरी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला संस्कृत शिकवलं आणि मग आईनं लेकीला. सरकारी शाळा अजून मुलींच्या वाट्याला आलेली नव्हती तेव्हा शिक्षण ही त्या एका घराची, बरेचदा त्या घरातल्या एका पुरुषाची, मर्जी होती. ती मर्जी फिरली असती तर शिक्षण तिथंच थांबलं असतं. मात्र शिकवणारा नवरा आणि शिकवणारा बाप यांत मला एक फरक दिसतो. नवऱ्यानं शिकवलेल्या बाईच्या शिक्षणाला एक हेतू चिकटलेला असे. तिनं त्याच्या सुधारलेल्या संसारात शोभून दिसावं, त्याच्या कामाला हातभार लावावा. बापानं शिकवलेल्या मुलीवर असा हेतू लादलेला असेलच असं नाही. ताराबाईंच्या लेखनात नवऱ्याच्या पसंतीकडे डोळा लावून लिहिलेलं एकही वाक्य मला सापडत नाही. त्या मोकळेपणाचं मूळ मी बुलढाण्याच्या त्या घरात शोधते.

आणि दुसरं मूळ घरजावयात. ताराबाईंचे पती लग्नानंतर शिंद्यांच्याच घरी राहायला आले. घरजावई हा आपल्या बोलण्यात हलक्या थट्टेचा शब्द आहे, म्हणींनी त्याची पुरेशी खोड मोडली आहे. पण बाईच्या बाजूनं या रीतीकडे पाहिलं तर काय दिसतं? सासर नाही, त्यामुळे सासू नाही, नणंद नाही, पहाटेपासून परक्यासारखं वागवून घेणं नाही. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की घरातल्या मोठ्या बायकांची बोलणी खात त्यांना वाचायला बसावं लागे. नवरा न्यायाधीश आणि सुधारक, तरीही. शिकवणारा पुरुष घरात असून भागत नाही, घराची मांडणीही तशी असावी लागते. ताराबाईंच्या बाबतीत ती योगायोगानं जमून आली. माहेर त्यांना चार दिवसांपुरतं मिळालं नाही, कायमचं मिळालं.

बुलढाणा जिल्ह्यात माहेर हा शब्द उच्चारला की सिंदखेडराजा आठवतंच. १२ जानेवारीला तिथं लखुजी जाधवांच्या वाड्याकडे राज्यभरातून माणसं लोटतात. ती येतात जिजाऊंच्या माहेरी. सासरच्या भोसल्यांच्या घरी ती इथं आलेली नसतात. बाईच्या माहेराला एवढा मान देणारं दुसरं ठिकाण महाराष्ट्रात चटकन आठवत नाही. त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका माहेराकडे अशी वाट वळलेली नाही, याची खंत मला वाटत आलेली आहे.

घराचं कौतुक करताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण ताराबाईंनीच तो घेतला आहे. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्या सांगतात की हा आपला पहिलाच प्रयत्न आहे आणि आपण मराठमोळ्यात कोंडून राहिलेल्या आहोत. मराठमोळा म्हणजे कुळवंत मराठा घरातला बायकांचा गोषा. अक्षरओळख देणारं घर आणि दार लावून घेणारं घर एकच होतं. बाप मुलीला इंग्रजी वाचायला शिकवतो. बाहेर चारचौघांत बोलायला मात्र ती जाऊ शकत नाही. जग तिच्यापर्यंत येतं ते छापील कागदावरून. म्हणूनच १८८१ साली आलेल्या एका वर्तमानपत्री लेखाला इतकं महत्त्व आलं.

सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला मूल झालं. लोक काय म्हणतील, जात वाळीत टाकील, या भीतीनं तिनं ते मारलं. कोर्टानं तिला फाशी सुनावली. अपिलात ती जाऊन जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. पुण्यात फुल्यांनी १८६३ मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अशा बायकांना बाळंतपणासाठी जागा दिली होती आणि तिथंच एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा, यशवंत, दत्तक घेतला होता. म्हणजे या दुःखावरचा उपाय कुणाला ठाऊक नव्हता अशातला भाग नाही. तरी पुण्याच्या ‘पुणेवैभव’नं या प्रकरणाचं निमित्त करून एकूण बायकांच्या चालचलणुकीवर झोड उठवली. नव्या काळात बायका बिघडल्या, असा सूर.

तोपर्यंत वऱ्हाडातून रेल्वे धावू लागली होती. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूर गाठलं की आगगाडी. पुण्या-मुंबईचा मजकूर याच वाटेनं वर चढायचा आणि बुलढाण्यातलं हस्तलिखित पुण्याच्या छापखान्यापर्यंत पोचवायचं तर उतरायची वाटही हीच. ताराबाईंनी उत्तर लिहिलं आणि ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. ज्या शहरातल्या वर्तमानपत्रानं बायकांना नावं ठेवली त्याच शहरात, आपल्या नावागावानिशी.

सुरतेची विजयालक्ष्मी ब्राह्मण, ताराबाई मराठा; दोघींची भाषा वेगळी, इलाखा वेगळा. तरीही ताराबाईंनी तिचं दुःख परकं मानलं नाही. कुणब्यांमध्ये पाट लावण्याची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावण्याची, रीत होती. पण जी घरं स्वतःला कुळवंत म्हणवू लागली त्यांनी ती बंद केली आणि मराठ्यांच्या विधवाही ब्राह्मणांच्या विधवांसारख्याच अडकल्या. कोंडी एकच होती आणि ताराबाईंनी ती आतून पाहिली होती.

पुस्तकाच्या लांबलचक नावातच एक प्रश्न आहे: बायका आणि पुरुष यांत जास्त ‘साहसी’ कोण? आज हा शब्द वाचून आपल्याला गिर्यारोहण आठवतं. जुन्या धर्मशास्त्रात मात्र साहस म्हणजे बळजोरीचा, बेगुमान गुन्हा. संस्कृत सुभाषितांनी बायकांच्या नावावर दोषांची एक यादीच चढवून ठेवली होती, त्यात साहस होतं, कपट होतं, संशयीपणा होता. ताराबाई ती यादी हातात घेतात आणि एकेका दोषाशी थांबून विचारतात की हा खरा कुणाच्या अंगी आहे. इथं बापूजींनी शिकवलेलं संस्कृत कामाला आलं. ज्या भाषेत आरोप लिहिलेला होता ती भाषा आरोपीला वाचता येत होती! या देशात बायकांना आणि शूद्रांना संस्कृतापासून का दूर ठेवलं गेलं असेल, याचं याहून स्वच्छ उत्तर माझ्या वाचनात नाही.

त्यांचा युक्तिवाद देवापासून सुरू होतो. बाई आणि पुरुष दोघांना देवानंच घडवलं असेल तर सगळे अवगुण एकीच्याच वाट्याला कसे आले? बायको मेल्यावर पुरुष लगेच दुसरी करतो. नवरा मेल्यावर बाईनं तोंड लपवून बसायचं, हा न्याय कुणाचा? पुराणांतल्या देवांच्या आणि ऋषींच्या वागणुकीकडे त्या बोट दाखवतात. बाई बिघडली म्हणता, तर तिला बिघडवायला कोण आलं होतं, हे विचारतात. पुरुषांनी टोपी बदलली, बूट घातले, साहेबासारखं खाणंपिणं केलं, आणि धर्म राखायचं ओझं तेवढं बायकांच्या डोक्यावर ठेवलं, असं त्या खडसावतात. हे सगळं बोलीच्या अंगानं, म्हणी-टोमण्यांनी भरलेल्या, ओसरीवरच्या भांडणासारख्या भाषेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच वर्षी वारले. त्यांच्या ‘निबंधमाले’नं मराठी निबंधाला एक घाट घालून दिला होता. ताराबाईही आपल्या लेखनाला निबंधच म्हणतात. पण त्यांच्या निबंधात घरातली बाई तोंड उघडून बोलते आणि त्यामुळे मराठी गद्याला जो आवाज मिळाला तो शाळेत शिकून मिळाला नसता, असं मी ठामपणे म्हणेन.

एक योगायोग नोंदवते. त्याच १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. रमाबाई बायकांना सांगत होत्या की आपण सुधारलं पाहिजे, फुले सरकारला सांगत होते की शाळा द्या, आणि ताराबाई पुरुषांना विचारत होत्या की तुम्ही कोण आम्हाला नावं ठेवणार. तिघांतला हा तिसरा प्रश्न लोकांना सर्वांत झोंबला. पुस्तकावर इतकी टीका झाली की त्यानंतर ताराबाईंनी दुसरं काही छापलं नाही.

वडील बापूजी फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे, ताराबाईही त्या वर्तुळातल्या. १८८५ साली जोतीरावांनी ‘सत्सार’ काढलं, त्याच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. त्यांचा उल्लेख केला तो ‘चिरंजीविनी’ असा. हा शब्द वाचताना मी दर वेळी थबकते. चिरंजीव म्हणजे मुलगा, हे मराठी पत्राच्या मायन्यात पक्कं बसलेलं. मुलीसाठी वेगळे शब्द. जोतीरावांनी आशीर्वादाचा तोच शब्द लेकीला लावून घेतला. जन्मदात्या घराखेरीज आणखी एका घरानं, पोटचं मूल नसलेल्या घरानं, ताराबाईंना आपली लेक म्हटलं.

त्यानंतर पुस्तक दिसेनासं झालं. ताराबाई १९१० च्या सुमारास गेल्या. पुस्तक टिकवतात तीन जागा: घर, शाळा आणि चळवळ. यांतली एकही त्याच्या कामाला आली नाही. घरानं ते पिढीजात जपावं, तर त्यातला मजकूर घराच्याच अब्रूला हात घालणारा. शाळेनं क्रमिक पुस्तकात एखादा उतारा घ्यावा, तर त्या काळच्या मुलींच्या शाळा शिवणटिपण आणि पतिव्रतांच्या गोष्टींत रमलेल्या. चळवळीनं ते मिरवावं, तर तिथं पुढच्या काळात इतर प्रश्न वर आले. सत्यशोधक विचार या जिल्ह्यातून नाहीसा झालेला नव्हता. बुलढाण्याशेजारच्या चिखलीच्या पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी १९२७ मध्ये महात्मा फुल्यांचं पहिलं चरित्र लिहिलं, तेही विशी-पंचविशीच्या वयात. फुल्यांचा वारसा बुलढाणा जिल्ह्यानं लिहून ठेवला आणि फुल्यांच्या चिरंजीविनीचं पुस्तक मात्र त्याच जिल्ह्यात कुणाच्या ओठांवर राहिलं नाही, हे मनाला लागतं.

मी स्वतः या जिल्ह्यात शिकले. आमच्या शाळेत जिजाऊंची जयंती दर वर्षी मनापासून व्हायची, नऊवार नेसलेल्या मुली, भाषणं, प्रभातफेरी. ताराबाईंचं नाव त्या सगळ्या वर्षांत एकदाही कानावर आलं नाही. ते मला पुढं कॉलेजात, पुण्यात कळलं. आपल्याच गावची बाई परगावी भेटावी तसं.

पुस्तक परत आलं १९७५ मध्ये. स. गं. मालशे यांनी ते शोधून संपादित केलं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं छापलं. हेच मालशे, ज्यांनी सहा वर्षं आधी धनंजय कीर यांच्याबरोबर महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित केलं होतं. फुल्यांच्या कागदांत वावरलेल्या माणसाच्या हातून ताराबाईंची पुन्हा भेट व्हावी, हे सत्यशोधक नात्याला धरूनच झालं. ते वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्षही होतं, त्यामुळे पुस्तकाला या खेपेला वाचक तयार मिळाले. १९९१ मध्ये सुसी थारू आणि के. ललिता यांच्या भारतीय स्त्रीलेखनाच्या संग्रहात त्यातला भाग इंग्रजीत आला, अनुवाद माया पंडित यांचा. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांनी पूर्ण पुस्तक इंग्रजीत आणलं, ऑक्सफर्डच्या प्रकाशनानं ते काढलं. १९९७ मध्ये विलास खोले यांनी पुण्यातून मराठीत नवी साक्षेपी आवृत्ती केली. राजूर घाट उतरून गेलेलं पुस्तक जगाला वळसा घालून आलं.

आणि मग ज्या दारानं त्याला शंभर वर्षं आत घेतलं नव्हतं ते दारही उघडलं. एनसीईआरटीच्या इतिहासाच्या पुस्तकांत ताराबाई आहेत. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात, इतिहासलेखनाच्या पाठात, स्त्रियांच्या इतिहासाबद्दल सांगताना त्यांचं नाव येतं. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मुली ते पाठ करतात, कारण त्यावर प्रश्न येऊ शकतो. हे मला लहान काम वाटत नाही. नाव पाठ असलेली मुलगी कधीतरी पुस्तक शोधेल. पण नाव आणि साल पाठ होऊनही आतला मजकूर वर्गात येत नाही. विजयालक्ष्मी येत नाही, नवरा मेल्यावर तोंड लपवणारी बाई येत नाही.

शाळा आपलं काम करत असताना घर काय करत होतं, हेही याच जिल्ह्यातल्या आकड्यांत लिहिलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५५ मुली निघाल्या. तोपर्यंत गावोगाव मुलींच्या शाळा होत्या, बुलढाण्यात जिजामातेच्या नावाचं महाविद्यालय होतं, जिल्ह्यातल्या मुली शिक्षिका, नर्स, इंजिनिअर होत होत्या. १८५० च्या बुलढाण्यात शाळा नव्हती, पण चार मुलग्यांच्या जोडीला एक लेक हवीशी असणारं एक घर होतं. दीडशे वर्षांनी शाळा आली आणि हवेपणा घटला. या दोन गोष्टी मी कितीदा शेजारी ठेवून पाहिल्या. प्रत्येक वेळी माझं बोट बापूजींच्या घराकडेच जातं. ताराबाई लिहू शकल्या याची पहिली अट शाळेच्या आधीची होती.

ताराबाई जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो, त्यामुळे मूळ ‘स्त्रीपुरुष तुलना’ आता कुणालाही छापता येतं. पुस्तक छोटेखानी आहे, दोन-तीन बैठकांत वाचून होतं, आणि त्याची भाषा मोठ्यानं वाचण्याची आहे. मनातल्या मनात वाचलं तर निम्मी चव जाते. जिल्ह्यात १३ तालुके आहेत. पहिल्या आवृत्तीइतक्याच, ५०० प्रती काढल्या तरी प्रत्येक तालुक्यात ३८ शाळांना एकेक देता येईल. मुखपृष्ठावर नाव तेच राहू द्यावं, माहेरचं.